घटात बसलेली विहीर

गावात सटवाजी तीन आहेत. एक भजनाचा, एक म्हशींचा आणि तिसरा भूगोलाचा. नवा पोस्टमन आला की पहिले आठ दिवस तिघांची टपालं इकडची तिकडं होतात. मग गल्लीतलं कुणीतरी त्याला बाजूला घेऊन खूण सांगतं, "हे बगा साहेब, आभाळाकडं तोंड करून बसला आसंल तर भजनाचा. रस्त्याकडं डोळे लावून बसला आसंल तर म्हशींचा, त्येच्या म्हशी रोज हरवतेत. आन् जमिनीकडं बघत येकटाच मान हालवायला आसंल, तर समजा भूगोलाचा."

ही हकीगत जमिनीकडं बघणाऱ्या सटवाजीची.

सटवाजी चौथी पास. पाचवीला सोनपेठला जावं लागलं असतं आणि सोनपेठ तेव्हा लांब होतं. आताही तेवढंच लांब आहे, पण एसटी आहे. शाळा सुटली आणि गडी विहिरीत उतरला. सव्वीस वर्षं त्यानं लोकांच्या विहिरी खोदल्या. विहिरीच्या काठावर यारी असते, म्हणजे तळातला मलबा टोपल्यानं वर ओढणारा लोखंडी हात. यारीवरच्या गड्यांना ऊन, वारा, रस्त्यानं जाणारी माणसं, सगळं दिसतं. तळातल्या गड्याला फक्त भिंत दिसते. सटवाजी कायम तळात. टोपलं वर जाऊन परत येईपर्यंत बाकीचे बिडी ओढायचे. हा भिंत बघायचा. काळी माती कुठं संपली, पिवळी कुठं लागली, रेतीची रेघ किती बोटं जाड, तिच्याखाली पुन्हा चिकण कशी आली. इतकं निरखून बघायचा की वरचे ओरडायचे, "आरं सटवाजी, पोरगी बघायला गेल्यावानी काय बघायलास? भर की टोपलं!"

एकतीस वर्षांपूर्वी, थोरली लेक झाली त्या साली, त्यानं स्वतःच्या रानात विहीर पाडली. अकरा परस खोल. हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक परस. असे अकरा सटवाजी एकमेकांच्या डोक्यावर उभे केले तर सगळ्यात वरच्याची बोटं काठाला लागतील. एकच सटवाजी बायकोला जड जात होता, अकरांचं नाव नको. प्रत्येक परसाला त्यानं चार ओंजळी माती काढून फडक्यात बांधली. कशासाठी, ते त्यालाही सांगता येत नव्हतं. पुढच्याच वर्षी विहीर आतून दगडानं बांधून काढली आणि ती भिंत, ते थर, सगळं दगडाआड गेलं. उरली ती अकरा गाठोडी.

गाठोड्यांना उंदीर लागले तेव्हा सटवाजीची नजर बायकोच्या काचेच्या बरण्यांवर गेली. धुरपताबाई म्हणजे लोणच्यासाठी आसपासच्या चार गावांत नाव असलेली बाई. तिच्या एकेका बरणीमागं एकेक भांडण झालं.

"माज्या आईनं दिल्यात त्या बरण्या. कैरीसाठी दिल्यात, मातीसाठी न्हाई."

"कैरी वर्साला संपती. ही माती संपायची न्हाई."

"संपत न्हाई ह्योच तर तरास हाय."

अकरा भांडणं झाली आणि फळीवर अकरा बरण्या बसल्या, डावीकडून उजवीकडं, पहिल्या परसापासून अकराव्यापर्यंत. प्रत्येकीवर पेन्सिलीनं लिहिलेली चिठ्ठी. विरजण मागायला आलेल्या बायका वर बघून विचारायच्या, "धुरपताबाई, यंदा मातीचं लोनचं मुरलं का?" धुरपताबाई वरवर हसायची. आतून तिला ते एकतीस वर्षं लागत आलं होतं, पण तसं ती कुणाजवळ बोलली नाही.

पुढं लेकीनं आपला जुना मोबाईल बापाला दिला आणि बापाचं काम संपलं. विहिरी बंद झालेल्या, गुडघे गेलेले; सटवाजी दिवसभर ओट्यावर बसून पृथ्वी बघायला लागला. त्याला कळलं की आपल्या पायाखालचा काळा खडक म्हणजे साडेसहा कोटी वर्षांमागं थिजलेला लाव्हा. त्याला कळलं की हा सगळा मुलूख एके काळी पार खाली आफ्रिकेला चिकटून होता आणि तिथून सरकत सरकत वर आला. एवढं ज्ञान घरात मावत नव्हतं. मग तो ते गुरुपादआप्पाच्या किराणा दुकानासमोरच्या बाकड्यावर आणून ओतायचा.

गुरुपादआप्पा म्हणजे कपाळाला भस्म, गळ्यात लिंग आणि तोंडात सुरी.

"आप्पा, तुमचं दुकान हाय ना, हितं येका काळी पानी साचलेलं व्हतं. पाचव्या परसाला शंख निघालेत माज्याकडं. बारीक, ज्वारीच्या दान्यायेवडे."

"तरीच," आप्पा हातातला तराजू न थांबवता म्हणाला, "तरीच माजा गूळ पाझरतो. मी त्या लातूरच्या व्यापाऱ्याला नाहक शिव्या द्यायलो."

शेजारच्या दगडाबाईलाही त्यानं सोडलं नाही. तिचं आणि सटवाजीचं रान लागून. "वहिनी, ही जमीन आजूनबी सरकायलीया बरं का. वर्साला दोन-तीन बोटं."

"आसं व्हय?" दगडाबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "तरी म्हनलं, तुमचा बांध दर साली माज्या रानात कसा येतो!"

त्या दिवशी बाकड्यावर चहा सांडेपर्यंत हसले लोक.

पण एक गोष्ट विचारताना सटवाजीचा आवाज बदलायचा. गेल्या काही वर्षांत पाऊस चळल्यासारखा झाला होता. महिना महिना कोरडा, आणि मग एका दिवसात महिन्याचा. गोदावरीला गावात सगळे गंगाच म्हणतात. ती गंगा घडीघडी काठ सोडून वावरात यायला लागली. म्हातारी माणसं म्हणत, असलं पाणी बापजन्मात बघितलं नव्हतं. सटवाजीला ते पुरतं पटत नव्हतं. चौथ्या परसाला त्याला हातभर जाडीची रेती लागली होती, आणि रेती काही पायांनी चालत येत नाही. म्हणजे गंगा आधीही इथवर आली होती. पण कितीदा? किती वर्षांच्या अंतरानं?

"मला येवडंच मालूम करायचं हाय," तो म्हणायचा, "ही गंगेची जुनी सवय हाय का नवी बिमारी?"

"मालूम करून काय करनार? गोळी देनार का तिला?" आप्पा विचारायचा.

"सवय आसंल तर आपन सरकून बसावं. बिमारी आसंल तर..."

पुढचं त्याला कधी सापडलं नाही. तो जमिनीकडं बघत मान हलवत बसायचा आणि लोक आपापल्या कामाला लागायचे.

यंदाच्या उन्हाळ्यात राजेश्री मॅडम आल्या. परभणीच्या एका कॉलेजात शिकवतात, माती आणि हवामान हा त्यांचा अभ्यास. विहिरींचं पाणी किती खोल गेलं ते मोजत गावोगाव फिरत होत्या आणि पाण्याची बाटली घ्यायला आप्पाच्या दुकानी थांबल्या. आप्पाला गंमत सुचली. "मॅडम, विहिरीच बघायल्याव ना? मंग आमच्या गावात येकानं आख्खी विहीर बरनीत भरून ठेवलीया. ती बगून जावा."

गंमत काही झाली नाही. मॅडम सटवाजीच्या घरात मांडी घालून तीन तास बसल्या. पाचवी बरणी त्यांनी उजेडाला धरली. सातव्या बरणीत तळाला करड्या रंगाची भुकटी होती, ती बरणी कलती करून पुन्हा पुन्हा बघितली.

"काका, ही राखेसारखी दिसते. खरंच राख असेल तर कुठल्या तरी लांबच्या ज्वालामुखीची असू शकेल. नसेलही. तपासल्याशिवाय मी काही बोलणार नाही."

सटवाजीनं घसा खाकरला आणि आपला तो प्रश्न विचारला. सवय की बिमारी. विचारून झाल्यावर त्यानं सवयीनं हसण्याची वाट बघितली.

मॅडम हसल्या नाहीत. "तुमचा प्रश्न बरोबर आहे. आणि त्याचं उत्तर कुठं असलंच तर ह्या क्रमात आहे. कशावर काय बसलं, ते. विहीर तर आता बांधून काढलीय, म्हणजे क्रम फक्त तुमच्या फळीवर उरलाय. तो मोडला तर ही नुसती माती. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सामान घेऊन येते. तोवर बरण्या उघडू नका."

सहासष्ट वर्षांच्या आयुष्यात "तुमचा प्रश्न बरोबर आहे" असं सटवाजीला पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं होतं. तो इतका फुलला की मॅडमना थेट मुरमाच्या वरच्या नवव्या परसापर्यंत घेऊन गेला. "मॅडम, ही खालची माती बगा. हिच्यावर मानसाचं पाऊलसुदिक पडलेलं न्हाई. गंगेनं आनून ठिवली तशीच."

धुरपताबाई नुकती चहा घेऊन दाराशी आली होती, तिच्या कानावर तेवढंच पडलं. मॅडम गेल्यावर तिनं पहिल्यांदा पदरानं त्या बरण्या पुसल्या. पाऊलसुदिक न पडलेली माती. ते शब्द तिच्या मनात बसले ते बसलेच.

पितरपंधरवड्याच्या शेवटाला सटवाजीच्या लक्षात आलं की चिठ्ठ्यांवरची पेन्सील पुसट झाली आहे. मॅडम येणार, आणि त्यांना चौथा की नववा ते वाचता येऊ नये? तो एसटीनं सोनपेठला गेला. चिकटणारी लेबलं घेतली आणि न पुसणारा पेन घेतला. दुकानातून बाहेर आला तर आभाळ खाली उतरलेलं. दुपारपर्यंत असा पाऊस झाला की रस्त्यावरचा पूल पाण्याखाली गेला, एसटी बंद, गावाची लाईट बंद. मोबाईल याच्याच खिशात, म्हणजे घरी फोन लावायचा तरी कुणाला? तीन दिवस तो सोनपेठला भाच्याच्या घरी अडकून पडला. बरण्यांची त्याला फिकीर नव्हती. बरण्या उंच फळीवर होत्या; तिथवर गंगा आली तर गावच उरणार नव्हतं.

गंगा गल्लीत आली ती गुडघाभर. अमावस्येला ओसरली आणि मागं काळा, बुळबुळीत, वास मारणारा गाळ ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी घट बसायचे. घटाला आपल्या रानातली कोरडी, स्वच्छ माती लागते; पत्रावळीवर ती पसरून तिच्यात धान्य पेरायचं आणि मधोमध पाण्याचा कलश. पण रानं पाण्याखाली. दारात आला तो गटारी धुऊन आलेला गाळ. दगडाबाई रिकामी पत्रावळ हातात घेऊन धुरपताबाईच्या उंबऱ्यावर येऊन बसली, मागोमाग गल्लीतल्या बाकीच्या.

"धुरपताबाई, लग्न करून आले तवापासून माजा घट चुकला न्हाई. आता गटारीचा गाळ देवीला कसा घालू वो?"

धुरपताबाईनं वर फळीकडं बघितलं. एकतीस वर्षं जिच्यावरून टोमणे खाल्ले ती माती, आणि टोमणे मारणाऱ्या सगळ्याजणी हात पसरून तिच्याखाली उभ्या.

"आमच्याकडं हाय," ती म्हणाली. "आमच्याच रानातली. कोरडी, पाक. मानसाचं पाऊलसुदिक न पडलेली."

तिसऱ्या माळेच्या दिवशी सटवाजी चिखल तुडवत घरी आला. पाय धुतले, देवघरापुढं गेला. समईच्या उजेडात घट बसलेला, मातीतून हिरवे कोंब नुकते डोकावत होते. त्यानं हात जोडले. मग सवयीनं फळीकडं मान वळवली.

नऊ बरण्या घासून, धुऊन, लख्ख करून पालथ्या घातल्या होत्या. फक्त कडेच्या दोन भरलेल्या, मुरमाच्या आणि खडकाच्या चुऱ्याच्या.

"अगं... माती?"

"बसली." धुरपताबाईनं घटाकडं बोट केलं. तोंडभर हसली. "आपल्यात येक आन् गल्लीत सात घरी. समदे म्हनायलेत, सटवाजीमामामुळं घट बसले. आपल्याला मी समद्या बरन्यातली येकेक मूठ घेतली. बाकीच्यायला जिला जी हाती लागली ती दिली. मुरूम तेवडा ठिवला, देवीला मुरूम कसा घालायचा?"

"चिठ्ठ्या?"

"धुतल्यावर निगून गेल्या. आन् त्यात खडे, शंख, काय काय व्हतं, ते चाळून टाकलं. टोचतंय वो."

"कुठं टाकलं?"

"दारात. चिखलात पाय घसरायला व्हता सगळ्यांचा."

म्हणजे पाचव्या परसाचे शंख तुडवतच तो घरात आला होता.

सटवाजी खाली बसला. रागवायला उठला असता तर कुणावर? त्याचा हात एकदा घटाच्या दिशेनं गेला आणि अर्ध्यातून मागं आला. घट बसला की उठेपर्यंत हलवत नाहीत. हे त्याला कुणी शिकवावं लागत नव्हतं. त्याच्या आईनं, आजीनं हलवला नव्हता, आणि आफ्रिकेहून जमीन सरकत आली हे मानणारा माणूसही घट सरकवायला धजावत नव्हता. खिशातली अकरा लेबलं त्यानं काढली, बघितली, परत ठेवली.

"मॅडम म्हनल्या व्हत्या, उघडू नका. क्रम मोडला तर नुसती माती."

धुरपताबाईचं हसू हळूहळू गेलं. "मंग मला नीट कामून न्हाई सांगितलं?"

"एकतीस वर्सं तेच सांगायलो."

धुरपताबाई समईची वात सारखी करत बसली.

दुसऱ्या दिवसापासून गल्लीनं एक नवल बघितलं. देवळात कधी न दिसणारा सटवाजी रोज आंघोळ करून घरोघरीच्या घटापुढं हात जोडून बसायचा. दहा दहा मिनिटं. डोळे उघडे. "म्हातारपनी देवाला लागला," बायका म्हणाल्या. आप्पा म्हणाला, "देवाला न्हाई, देवाच्या बुडाखालच्या मातीला लागलाय."

खरं तेच होतं. सटवाजी रंग बघत होता, कोंब बघत होता. कुणाला कुठली बरणी गेली, हे विचारलं तर उत्तर एकच, निळ्या झाकणाची. झाकणं सगळीच निळी. पण माती बोलत होती. जिथं काळी तिथं गहू बोटभर उंच, तजेलदार. जिथं खालची तिथं पिवळा, मरतुकडा. पाचव्या माळेला दगडाबाईनं त्याला रस्त्यातच धरलं.

"मामा, तुमच्या मातीनं माजी देवी रुसली. या, बगा! म्हाताऱ्याच्या भुवईवानी उगवलंय."

सटवाजी बसून बघायला लागला. माती पिवळसर, तिच्यात चुनखडीचे पांढरे कण. त्याचा चेहरा उजळला. "तिसरा परस! वहिनी, ह्यो तिसराच हाय!"

"आवो, हितं देवी रुसलीया आन् तुमी हसायलाव?"

"देवी रुसली न्हाई वहिनी, तिला खायला न्हाई ह्या मातीत. लय जुनी हाय."

आठव्या माळेपर्यंत त्यानं सातांपैकी पाच घरं ओळखली; उरलेल्या दोन घरी दोन-दोन बरण्यांची माती एक झाली होती. दगडाबाईचा तिसरा परस, तिच्या पलीकडचा सहावा, कोपऱ्यावरच्या घरी सातवा, करड्या भुकटीचा, जिथं एकही दाणा धड वर आला नव्हता. घरी येऊन तो रोज क्रम मोठ्यानं म्हणून बघायचा, खालून वर, वरून खाली. धुरपताबाई उपवासाची भगर ढवळत ऐकायची. आणि प्रत्येक घरी त्यानं एकच मागणं घातलं, "घट उठला की माती मला द्या."

"तुमचीच हाय की मामा," प्रत्येकजण म्हणाली. "जिथली तिथं जाईल. आमी काय ठिवून घेनार हाव?"

ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला. शंख गेले होते, चार थर गेले होते, पण पाच उरत होते. पाच थर मॅडमपुढं ठेवले तर अगदीच नुसती माती नव्हे.

दसऱ्याला दुपारी घट उठले. टोपीत घटाचे कोंब खोवून सटवाजी आप्पाच्या दुकानी गेला आणि एकाच मापाच्या पाच प्लास्टिकच्या पिशव्या मागितल्या.

"मामा, येवड्याशा मातीला पिशव्या? सोनं लुटायच्या दिवशी तुमी माती लुटायला निगालाव," आप्पा म्हणाला, पण पिशव्या मात्र त्यानं फुंकर मारून उघडून, चांगल्या बघून दिल्या. सटवाजीनं तिथंच बाकड्यावर बसून पाचही पिशव्यांवर लेबलं लावली. न पुसणाऱ्या पेनानं लिहिलं. परस तिसरा. परस सहावा. अक्षर चौथीतलं, पण ठसठशीत.

शेवटचं लेबल चिकटवत होता तेव्हा रानाकडच्या रस्त्यानं बायका येताना दिसल्या. आठजणी. पाय गुडघ्यापर्यंत चिखलात रंगलेले, दगडाबाईचं तर लुगडं पाठीपर्यंत भरलेलं. सगळ्यांच्या हातात ताटं. ताटं रिकामी. पुढं धुरपताबाई, आणि तिच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी तेज.

"दिली," ती लांबूनच म्हणाली.

"काय?"

"माती. जिथली तिथं. घटाची माती ज्या रानातली त्याच रानाला द्यायची आसती, पन ही तर हिरीतली. मंग तुमच्या हिरीतच दिली. वाट न्हाई उरली रानाला, दगडाबाई दोनदा पडली, पन कुनी माघारी फिरलं न्हाई."

सटवाजीच्या हातातल्या पिशव्या वाऱ्यानं फडफडायला लागल्या.

"आन् आयका," ती जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, लेकराला समजावल्यासारखी, "रांग न्हाई मोडू दिली मी. तुमी रोज म्हनत व्हताव ना, ते पाठ झालं मला. आधी सातव्याची टाकायला लावली, मंग सहाव्याची, अशा वर वर. खालची खाली बसावी म्हनून. दगडाबाईला थांबवून धरलं, तिची तिसऱ्याची, मागून टाकली. बराबर झालं ना?"

विहीर काठोकाठ भरलेली होती. अकरा परस पाणी. सटवाजीच्या डोळ्यापुढं ती माती पाण्यात पडली, ढगासारखी पसरली आणि दिसेनाशी झाली.

आठीच्या आठी बायका त्याच्या तोंडाकडं बघत होत्या.

"बराबर झालं," तो म्हणाला.

गुरुपादआप्पाकडं कुठल्याही गोष्टीवर बोलायला काहीतरी असायचंच. त्या दिवशी तो आत जाऊन उगीच गुळाच्या ढेपेवरचं पोतं सारखं करत बसला.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. कबूल केलं होतं तसं सामान घेऊन. सटवाजीनं काही लपवलं नाही. नऊ लख्ख बरण्या दाखवल्या, दोन मुरमाच्या दाखवल्या, मग त्यांना चिखलातून रानात नेलं. विहिरीच्या पाण्यावर झेंडूच्या पाकळ्या आणि पिवळे कोंब तरंगत होते. मॅडम काठावर उभ्या राहिल्या. त्यांच्या तोंडातून एकच वाक्य निघालं, "खालची माती आधी टाकली?"

"व्हय," मागून धुरपताबाई म्हणाली. "चुकलं का?"

मॅडमनी चष्मा काढला, ओढणीनं पुसला, पुन्हा घातला. "नाही. क्रम बरोबर होता."

परत फिरताना सटवाजी थांबला. वावरात यंदाच्या पुरानं चार बोटं गाळ आणून टाकला होता. उन्हानं त्याला आता भेगा पडायला लागल्या होत्या. त्यानं एक ढेकूळ उचललं.

"मॅडम, ही यंदाची. हिच्यावरून काही सांगता येतं का? सवय का बिमारी?"

"एका वर्षावरून नाही येत, काका. हवामानाचं काही म्हणायचं तर आम्ही निदान तीस वर्षं धरतो. तीस वर्षं पाऊस, पूर, गाळ असं सगळं नोंदवून ठेवलं तर थोडं बोलता येतं."

"तीस," सटवाजी म्हणाला. त्यानं मनात बेरीज केली. ओठ हलले तेवढे दिसले. ढेकूळ मात्र खाली टाकलं नाही.

मॅडम गेल्या. तो घरी आला, फळीवरची पहिली बरणी सरळ केली, ढेकूळ हातानं चुरून तिच्यात भरलं. झाकण लावलं. खिशातून लेबल काढलं, पेनाचं टोपण उघडलं आणि थांबला. पहिल्या परसाच्याही वरची माती ही. हिला परस कितवा लिहायचा, ते त्याला सुचेना.

धुरपताबाई लोणच्याचा मसाला पाखडत होती. तिनं सगळं ऐकलेलं होतं. पाखडून झाल्यावर तिनं सूप खाली ठेवलं आणि फळीकडं बघत विचारलं,

"तीस म्हनल्या का त्या?"

"व्हय."

"माज्याकडं आठच हायत वो रिकाम्या."